गिऱ्हाईकाचा ठोका

एका मध्यम घंगाळाला तीन हजारांच्या आसपास ठोके बसतात. मोजत कुणी नाही. हाताला कळतं.

*

चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनास नावाचं शहर आहे. तिथे वारा असा सुटतो की माणसांना धरायला रस्त्याच्या कडेने दोर बांधून ठेवतात.

*

१९८१ सालचं एक रुपयाचं नाणं: वजन आठ ग्रॅम. आता कुठलाच दुकानदार घेत नाही.

*

सादळलेला पापड मोडताना आवाज करत नाही.

*

दारणा विमान उद्योग, सिन्नर. गेटच्या आतला फळा: 'या वर्षी तयार झालेली विमानं: १६'. त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलेलं: 'गुणिले ४!!'

*

मार्च २०३८. चिलीच्या हवाई दलाच्या कर्नल इसिदोरा ओलिव्हारेस मागच्या सीटवर बसून पंचेचाळीस मिनिटं उडाल्या. उतरल्यावर शिरस्त्राण काढून एवढंच म्हणाल्या, "अजून एकदा."

*

झुबेर इनामदारचा मेसेज, मंगळवार, सकाळी आठ वाजून दोन मिनिटं: 'ताई, आपलं पोरगं आज झोपेत बडबडलं. लवकर या, गंमत दाखवतो.'

चौकोन २

वृषाली पोटफोडे कंपनीच्या बसमधून उतरली ती जवळजवळ पळतच. वय अठ्ठेचाळीस, गुडघा कुरकुरणारा, पण त्या आठवड्यात कारखान्यात कुणीच चालत नव्हतं. सगळे पळत होते. परवा, गुरुवारी, चिलीची मंडळी सही करायला येणार होती. अठ्ठेचाळीस लढाऊ विमानं. ससाणा जातीची, सिन्नरच्या माळावर बनलेली.

आता जगाच्या बाजारात विमान विकायला उभं राहिलं की गिऱ्हाईक आधी वेग विचारतं, मग किंमत विचारतं, आणि शेवटी असा एक प्रश्न विचारतं की विकणारा खाली बघायला लागतो: देणार कधी? आधी दोन देश आले होते. ससाणा बघून दोघांचेही डोळे चमकले. कारखाना वर्षाला सोळा विमानं करतो आणि ती सगळी आपल्याच हवाई दलाला लागतात, हे कळल्यावर दोघांनी चहा संपवला आणि विमानतळाची गाडी मागवली.

सोळावर घोडं अडलं होतं ते इंजिनामुळे नव्हे, इलेक्ट्रॉनिक्समुळेही नव्हे. ते अडलं होतं वृषालीच्या उजव्या हातात.

चौकोन ३

ससाण्याचा पंख धातूच्या पत्र्याचा नसतो. काळ्या कार्बनच्या धाग्यांचं कापड, त्याचे चाळीस थर, मध्ये डिंकासारखं चिकट रसायन, आणि हे सगळं खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवायचं. शिजताना दोन थरांमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर वरून काहीएक दिसत नाही. पंख आरशासारखा गुळगुळीत, काळाभोर. पण आभाळात भार आला की बुडबुडा पसरतो, थर सुटतात, पंख पुरीसारखा फुगतो. मग पुढची हकीकत सांगायला वैमानिक उरतोच असं नाही.

म्हणून पंख वाजवून बघायचा. जगातली सगळ्यात जुनी तपासणी, नारळवाल्याची. नाण्याने टिचकी मारली की चांगली जागा 'टण' म्हणते, पोकळ जागा 'थप' म्हणते. एका पंखावर खडूने आखलेले चार हजार आठशे चौकोन. वरून, खालून, मग पंख गरम करून पुन्हा. एका पंखाला नऊ दिवस. आणि 'टण' आणि 'थप' यांच्या मधले जे सतरा प्रकार असतात, ते ओळखणारा कान कारखान्यात एकच होता. तो नाशिकच्या तांबट आळीत वाढला होता. तांब्याची भांडी ठोकून ठोकून घट्ट करायची, त्याला मठारणं म्हणतात. वृषालीने शाळेचे पाढे त्या मठाराच्या तालावर पाठ केले होते.

"यंत्रं नाहीत का?" असं पाहुणे विचारायचे. होती ना. पण ससाण्याच्या पंखात झुबेरने आपला धागा ओवला होता, आणि त्या धाग्यामुळे अल्ट्रासाउंडच्या लहरी विखुरून पडद्यावर नुसती खिचडी दिसायची.

चौकोन ४

तो धागा ही झुबेरची करामत. साताऱ्याचा हा बत्तीस वर्षांचा इंजिनिअर, दाढी अर्धवट, पायात कायम एकच बूट नीट बांधलेला. त्याने केसाहून बारीक धागा बनवला होता. वीज दिली की तो थरथरतो. कुणी दाबला, हलवला, की उलट वीज देतो. म्हणजे तोच जीभ, तोच कान. कार्बनच्या कापडात तो आडवाउभा विणला की पंख स्वतःलाच टिचकी मारतो आणि स्वतःच ऐकतो. मग कारखान्यात असो की आभाळात.

पण ऐकणं वेगळं, कळणं वेगळं. तान्ह्या पोरालाही सगळं ऐकू येतं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं, हा कावळा, ही चिमणी.

ते वृषालीने सांगितलं. अडीच वर्षं, एकेचाळीस विमानं, ब्याऐंशी पंख. हातात तिचं जुनं रुपयाचं नाणं, मनगटावर माइक. टिचकी मारायची आणि म्हणायचं, "चांगलं." टिचकी मारायची आणि म्हणायचं, "पोकळ." यंत्र शेजारी बसून शिकत होतं. झुबेरने हौसेने त्याला आवाजही तिचाच दिला. सगळे त्या यंत्राला 'पोरगं' म्हणत आणि वृषालीला 'पोरग्याची आई'.

पोरगं एक पंख बावीस मिनिटांत तपासायचं.

सोळा गुणिले चार, चौसष्ट. फळ्यावरचा खडू वृषालीचाच होता.

चौकोन १,२००

"बोल, काय बडबडलं पोरगं?"

"ताई, हसू नका हं." झुबेरने खुर्ची सरकवली. "सकाळी आल्या आल्या चालू केलं. पंख जोडलेलाच नाही अजून. बेचाळीस नंबरचा पंख तिकडे ट्रॉलीवर झोपलाय. आणि हे आपलं तुमच्या आवाजात म्हणतंय, 'चार हजार आठशे: चांगलं.'"

"पंख नसताना?"

"पंख नसताना! बाकी चार हजार सातशे नव्याण्णव चौकोनांबद्दल चिडीचूप. बरोबरच आहे, ऐकायलाच काही नव्हतं. पण शेवटच्या चौकोनाबद्दल एकदम ठाम. म्हटलं, आईवर गेलंय."

वृषाली हसली नाही.

"नकाशा दाखव."

पडद्यावर आधीच्या, एकेचाळीस नंबरच्या पंखाचा नकाशा उघडला. पोरग्याला जिथे जितकी खात्री, तिथे तितका गडद हिरवा. सगळा पंख हिरवा होता, कुठे पोपटी, कुठे कैरीसारखा. फक्त एक चौकोन, पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेचा अगदी शेवटचा, पाचूसारखा लखलखत होता.

"इथे किती खात्री आहे त्याला?"

"शंभर टक्के. दुसरीकडे कुठेच शंभर नाही, बघा. सत्त्याण्णव, पंच्याण्णव..." झुबेरने मान खाजवली. "मलाही नवल वाटलं होतं. म्हटलं, तो भाग मूळचाच भक्कम असणार."

"मागचे पंख काढ. चाळीस. तेहेतीस. बारा."

तेच. प्रत्येक पंखाचा तोच कोपरा, तसाच पाचू.

वृषालीने नाणं मुठीत इतकं घट्ट धरलं की त्यावरचं कणीस तळहातावर उमटलं. "मी जरा चहा घेऊन येते," ती म्हणाली. कारखान्यात चहा साडेदहाला येतो, हे दोघांनाही माहीत होतं.

चौकोन १,२०१

चहा घ्यायला ती गेलीच नाही. ती गेली ट्रॉलीपाशी, बेचाळीस नंबरच्या पंखापाशी. मुळाशी, मागच्या कडेला, वाकून.

त्या चौकोनात तिने आजवर एकदाही नाणं टेकवलं नव्हतं.

कारण असं. नऊ वर्षांची असताना ती घरामागच्या कारखान्यात अण्णांजवळ, म्हणजे वडिलांजवळ, बसायची. अण्णा हंडा मठारून खाली ठेवायचे तेव्हा काठाजवळ अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत राहिलेली असायची. एक ठोका कमी. प्रत्येक हंड्याला, प्रत्येक घंगाळाला.

"अण्णा, इथं राहिलं."

"राहू दे. तो आपला नाही."

नऊ वर्षांच्या पोरीने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. देखण्या बाळाला तीट लावतात, तशी ही देखण्या भांड्याची तीट. दृष्ट लागू नये म्हणून. पुढे पंख वाजवायला लागल्यावर चार हजार सातशे नव्याण्णवाव्या चौकोनाशी हात आपोआप थांबायचा. ती "चांगलं" म्हणायची, नाणं पर्समध्ये टाकायची, पंखाला मनातल्या मनात नमस्कार करायची. इतक्या देखण्या पंखाला दृष्ट लागू नये असं तिला मनापासून वाटायचं. आपण काही टाळतोय असं ब्याऐंशी वेळांत एकदाही तिच्या मनात आलं नाही.

आणि पोरगं? त्याने ब्याऐंशी वेळा ऐकलं होतं, त्या जागी काहीही असो, "चांगलं" म्हणायचं असतं.

तिने टिचकी मारली.

टण.

पुन्हा. टण. निर्मळ. बेचाळीस नंबरचा कोपरा चांगला होता. आणि परवा चिलीच्या बाईंसमोर उभा राहणार होता तो बेचाळीसच. तिने नाणं पर्समध्ये टाकलं. बाकीचं हळूहळू, सवडीने, कुणाला न कळता... ती झुबेरकडे परत गेली आणि म्हणाली, "चहा नव्हता आला."

चौकोन २,४००

संध्याकाळी पाचच्या बसने ती सिन्नरच्या घरी न जाता नाशिकला गेली. अण्णा ब्याऐंशीचे. साठ वर्षं हातोडीशेजारी बसून कान गेलेले, पण नजर अशी की समोरच्याचे ओठ बघून अर्धं बोलणं उचलायचे.

"काय गं, अवचित? विमान पडलं की काय?"

"अजून नाही पडलं," वृषाली ओरडून म्हणाली. शेजारच्या दुकानातल्या माणसाने मान बाहेर काढली.

तिने कोपऱ्यातला हंडा उचलला, काठाजवळची जागा शोधली. तिथे ठोका होता. दुसरा हंडा घेतला. तिथेही होता. जरासा वेगळा, वाकडा, अण्णांच्या हाताचा नसलेला, पण होता.

"अण्णा, तुम्ही एक ठोका सोडायचात ना? दृष्टीसाठी?"

"दृष्टीसाठी?" अण्णांनी कपाळावर हात मारला. "अगं, दृष्टीला काळं लावतात, काम अर्धं ठेवत नाहीत! तो ठोका गिऱ्हाईकाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गिऱ्हाईक पेढीवर यायचं. हंडा त्याच्यासमोर पालथा ठेवायचा, हातोडी त्याच्या हातात द्यायची. म्हणायचं, मार. अख्ख्या दुकानाने ऐकायचं. बद्द वाजला, तर हंडा परत आत, आणि आमची अब्रू रस्त्यावर. खणखणीत वाजला की माल त्याचा. मागच्या दारी तीन हजार ठोके आमचे, पुढच्या दारी एक त्याचा. हे दोन हंडे लग्नातले. गिऱ्हाईकांनी ठोका मारला, आहेर बदलला, न्यायला आलेच नाहीत."

वृषालीने त्या वाकड्या ठोक्यावरून बोट फिरवलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या बंडूदादाला सांगितलेलं की. त्याने दहा वर्षं पेढी सांभाळली. तू कधी पेढीवर आली नाहीस."

"येऊ दिलंत का कधी?" आता ती ओरडत नव्हती. "पोरीच्या जातीने पुढे बसायचं नाही, म्हणायचात. मी मागच्या दाराशीच वाढले, अण्णा. मला अर्धीच रीत माहीत आहे."

अण्णांनी डोळे तिच्या ओठांवरून काढून हंड्यावर नेले.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

त्यांना ऐकू आलं होतं, हे तिला कळलं. आणि तिला कळलंय हे त्यांना. निघताना त्यांनी तिला पुढच्या दाराने पाठवलं.

आळीच्या तोंडाशी उभं राहून तिने फोन लावला.

"झुबेर, बसलायस का?"

"बिर्याणीच्या रांगेत उभा आहे. का?"

"मग बाजूला ये आधी."

तिने सगळं सांगितलं, एका दमात. पलीकडचा तव्यावरचा खणखणाट मागे पडत गेला. मग झुबेर सावकाश म्हणाला, "ताई, ठोका नसेल तर तिथे आवाजाची जागा रिकामी राहायला हवी होती. प्रोग्राम अडायला हवा होता. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, कुठे आवाज नीट आला नसेल तर शेजारच्या चौकोनाचा भर. तुम्ही सोडलंत ते खरं, पण भरलं मी."

"बिर्याणी घे आणि झोप. उद्या सातला घोलप साहेबांना गाठायचं."

"आता कसली जाते बिर्याणी!" मग क्षणभराने, "अर्धी घेतो."

चौकोन ३,६००

घोलप साहेब कारखान्याचे प्रमुख. तीस वर्षं विमानांत घालवलेला, शर्टच्या खिशात चार पेनं ठेवणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती जणांना माहीत आहे?"

"आपल्या तिघांना."

"शुक्रवारपर्यंत तिघांनाच राहिलं तर? गुरुवारी सही होऊ दे. शुक्रवारी सकाळी मी स्वतः..."

"साहेब, बेचाळीसचा तो कोपरा मी काल वाजवला. चांगला आहे. पोरगंही चांगलंच म्हणेल. पण तो पोकळ असता तरी पोरगं चांगलंच म्हणालं असतं. एकेचाळीस विमानं आज उडतायत. आणि पुढे वर्षाला चौसष्ट. त्या बाईंचे वैमानिक त्या कोपऱ्यावर बसून पुंता अरेनासच्या वाऱ्यात जाणार."

"पोटफोडेबाई, तुम्हाला कळतंय का, तुम्ही मला काय करायला सांगताय? चार तळांवर फोन करून हवाई दलाला सांगायचं, आमच्या तपासणीत भोक आहे, सगळी विमानं खाली ठेवा. सहीच्या आदल्या दिवशी! माझी नोकरी राहील?"

"माझी आधी जाईल."

"माझी मध्ये," झुबेर म्हणाला.

घोलपांनी खिडकीतून गेटकडे पाहिलं. फळ्यावरचा खडू तिथून दिसत होता. त्यांनी एक पेन काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं.

"एक चौकोन तपासायला किती वेळ?"

"चार टिचक्या."

"म्हणजे ब्याऐंशी पंख, आज संध्याकाळपर्यंत?"

"तळांवर झुबेरची यंत्रं आहेतच. तिथल्या माणसाने टिचकी मारायची, पंखातला धागा ऐकेल, तो आवाज मला इथे द्या. पोरग्याला नको. मला."

घोलपांनी फोन उचलला. "नोकऱ्या गेल्या तर तुमच्या वडिलांना सांगून ठेवा, तीन माणसं येतायत भांडी ठोकायला." आणि मग फोनमध्ये, एकदम वेगळ्या आवाजात, "जय हिंद, सर. एक वाईट बातमी आहे आणि ती मीच द्यायला हवी."

चौकोन ३,६०१

तो बुधवार कारखान्यात अजून सांगतात.

मोठ्या शेडच्या मधोमध वृषाली खुर्चीवर, कानांना हेडफोन. प्रेशर कुकरचे पंप बंद केलेले, क्रेन बंद, पंखे बंद. चारशे माणसं मोजे घालून चालत होती. भिंतीवर ब्याऐंशी नावांची यादी आणि झुबेर हातात खडू घेऊन शिडीवर.

"मॅडम, कौनसा सिक्का लूँ?" पहिल्या तळावरून आवाज आला.

"कोई भी. पहले बगल के तीन चौकोन, फिर कोना. जोर वही रखना."

टण टण टण. टण.

"चांगलं!" आणि चारशे माणसांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या, म्हणजे नुसते हात हवेत हलवले.

टण टण टण. टण. चांगलं. टण टण टण. टण. चांगलं. एकेका तळाची एकेक तऱ्हा. कुणी इतक्या हळू मारायचा की तिला म्हणावं लागायचं, "भाऊ, विमान झोपलेलं नाही, उठेल म्हणून घाबरू नका." कुणी इतक्या जोरात की झुबेर शिडीवर दचकायचा. दुपारपर्यंत पन्नास झाले. घोलप साहेबांनी स्वतः तिला दहीभात आणून दिला आणि चमचा वाजू नये म्हणून हाताने खा म्हणाले. साठ. सत्तर. झुबेरचा खडू संपला. कुणीतरी नवा फेकला.

चार वाजून दहा मिनिटांनी चौथ्या तळावरून सार्जंट बिश्त नावाचा माणूस बोलत होता. विमान नऊ, उजवा पंख.

टण टण टण.

थप.

"फिर से."

टण टण टण. थप.

शिडीवर झुबेरचा खडू थांबला. पलीकडून बिश्तचा आवाज आला, खाली उतरलेला. "मॅडम, मेरे को भी सुनाई दिया."

"पोकळ," वृषाली म्हणाली.

झुबेरने त्या नावापुढे फुली मारली. मग एकाएकी शिडीवरूनच ओरडला, "ताई! आता त्याच्याकडे एक पोकळ आहे! त्या कोपऱ्याचा एक खरा पोकळ, चौऱ्याहत्तर खरे चांगले! आज पहिल्यांदा पोरग्याला तिथे शिकण्यासारखं काहीतरी मिळालं!"

उरलेले सात पंख चांगले निघाले. विमान नऊचा पंख उतरवायला त्याच संध्याकाळी गाडी निघाली.

चौकोन ४,७९९

गुरुवारी अकरा वाजता कर्नल ओलिव्हारेस आल्या. उंची बेताची, केस करडे, हस्तांदोलन सुताराचं. घोलप साहेबांनी हारतुऱ्याच्याही आधी, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. अर्धी रीत, रिकामी जागा, शेजारचा आवाज, काल वाजवलेले ब्याऐंशी कोपरे. आणि ब्याऐंशी ओळींचा अहवाल त्यांच्या हातात दिला.

कर्नलबाईंनी तो उभ्यानेच वाचला, वरपासून खालपर्यंत, बोट ओळीवर ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं. जरा जास्तच वेळ थांबलं. मग त्यांनी पान उलटलं.

"हे शोधलं कुणी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"जिने केलं तिनेच," घोलप म्हणाले.

कर्नलबाई वृषालीकडे वळल्या. "माझे वडील तांब्याच्या खाणीत होते. बोगद्यात शिरताना ते छताला पहारीने ठोकून बघायचे. मलाही घेऊन गेले होते एकदा. आईने घरी आल्यावर त्यांची हजेरी घेतली." झुबेरने ते मराठीत सांगितलं.

"त्यांना सांग," वृषाली म्हणाली, "आमच्याकडे शेवटचा ठोका गिऱ्हाईक मारतं. मी इतके दिवस हे विसरले नव्हते, मला ते माहीतच नव्हतं. बेचाळीसचा हा कोपरा मंगळवारी मी चोरून वाजवलाय. पण माझा ठोका धरायचा नाही. आज त्यांचा."

तिने आपलं रुपयाचं नाणं पुढे केलं.

चौकोन ४,८००

कर्नल ओलिव्हारेस आता विमानाला जोडलेल्या बेचाळीसच्या पंखाखाली वाकल्या. गणवेशावरची पदकं लोंबकळली, ती त्यांनी डाव्या हाताने छातीशी दाबून धरली.

"कसं ऐकू यायला हवं?"

"तुम्हालाच कळेल."

शेजारी तीन. टण टण टण. मग कोपरा.

टण!

खणखणीत, लांब, शेडच्या पत्र्यापर्यंत जाऊन परत येणारा. कर्नलबाई खदखदून हसल्या आणि कुणी सांगितलेलं नसताना आणखी एकदा मारला. त्याच क्षणी पोरगं वृषालीच्या आवाजात म्हणालं, "चार हजार आठशे: बहुतेक चांगलं."

"बहुतेक?" घोलप दचकले.

झुबेर पडद्यावर वाकला होता. पाचू गेला होता. त्या जागी फिकट, कोवळा, नुकत्याच उगवलेल्या गव्हासारखा हिरवा. "एकसष्ट टक्के!" तो नाचायचाच बाकी होता. "ताई, एकसष्ट! आता ते ऐकतंय! शंभर पंख आणखी द्या, बघा कुठे पोचतं!"

"आणि तोवर?" कर्नलबाईंनी विचारलं.

"तोवर आणि त्यानंतरही," वृषाली म्हणाली, "प्रत्येक विमानाचा हा चौकोन न्यायला येणाऱ्याने वाजवायचा. आमच्यासमोर. पोकळ वाजला तर विमान परत आत."

कर्नलबाईंनी पेन मागितलं. घोलपांच्या खिशातली चारही पेनं एकदम बाहेर आली. करारात आधी नसलेलं एक वाक्य त्यांनी हाताने लिहिलं, खाली सही केली, अठ्ठेचाळीस विमानं, आणि नाणं शांतपणे स्वतःच्या खिशात टाकलं. परत मागायचं कुणाला सुचलं नाही. बाहेर कुणीतरी फळ्यावरचा '१६' पुसला.

दुपारी वृषालीने अण्णांना फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "वाजला!"

"कसा?"

तिने फोन पंखाशी धरला आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. पलीकडे ब्याऐंशी वर्षांच्या बहिऱ्या माणसाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आला ऐकू," अण्णा म्हणाले.

चौकोन ९

मार्चमध्ये कर्नल ओलिव्हारेस पंचेचाळीस मिनिटं ज्या विमानातून उडाल्या, ते नऊ नंबरचं होतं.